सुट्टी गुरुवारची, चर्च रविवारचं! भोसरी-चाकणच्या ख्रिस्ती कामगारांचा हा पेच नेमका आहे काय?

पुण्यात नवीन आलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास चकवते. भोसरी, चिंचवड, चाकणच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते.

कारण आहे वीज. सगळ्यांनी रविवारीच मशीन बंद ठेवली तर उरलेल्या सहा दिवसांत विजेवर ताण येणार. म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले आणि इथल्या वाट्याला गुरुवार आला. महावितरणची दुरुस्तीही त्याच दिवशी निघते, त्यामुळे गुरुवारी लाईट गेली की पुणेकर तक्रारही करत नाहीत. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 52 मध्ये याची सोय होती: सुट्टी रविवारी, किंवा त्याच्या तीन दिवस मागेपुढे. गुरुवार त्यात बरोबर बसतो.

पण ज्याच्यासाठी रविवार हा नुसता सुट्टीचा वार नाही, त्याचं काय?

आता गंमत बघा. भारतातल्या कामगाराला रविवार मिळवून दिला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. मुंबईच्या गिरण्यांत 10 जून 1890 ला ही सुट्टी जाहीर झाली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही युक्तिवाद त्यांनी केल्याचं सांगतात. लोखंडे कुटुंब मूळचं कनेरसरचं, म्हणजे खेड तालुक्यातलं. चाकणही त्याच तालुक्यात येतं! पुढच्याच वर्षी, 1891 मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध परिपत्रकात साप्ताहिक विश्रांतीचा आग्रह धरला.

बायबलमधली शब्बाथाची आज्ञा मुळात शनिवारची. तिचं वैशिष्ट्य असं की विश्रांती फक्त मालकाला नाही, नोकराला, परक्याला आणि गुराढोरांनाही सांगितली आहे. येशू रविवारी पुन्हा उठला या श्रद्धेमुळे ख्रिस्ती लोकांचा उपासनेचा दिवस रविवार झाला. पण सम्राट कॉन्स्टंटाईनने इ.स. 321 मध्ये रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला, त्याआधी रोमन साम्राज्यात तो कामाचाच वार होता. सुरुवातीचे ख्रिस्ती पहाटे उजाडण्याआधी जमायचे आणि मग कामाला जायचे. थोडक्यात, फर्स्ट शिफ्टवाले!

त्यामुळे धर्मशास्त्राच्या बाजूने वाट निघते. कॅथलिकांना शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. सेकंड शिफ्ट असेल तर रविवारी सकाळी उपासना करूनही कामावर जाता येतं.

खरी अडचण घरात आहे. वडिलांची सुट्टी गुरुवारी, मुलांची रविवारी, आणि आई हिंजवडीत आयटीमध्ये असेल तर शनिवार-रविवार. तिघं एका बाकावर बसणार कधी? मराठी ख्रिस्ती घरांत रात्रीच्या जेवणाआधी किंवा नंतर एकत्र बसून प्रार्थना करायची, ना. वा. टिळकांची गीतं म्हणायची जुनी पद्धत आहे. मुलांना विश्वास कळतो तो बराचसा तिथूनच. आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलते तेव्हा पहिली हीच बैठक मोडते.

मोबाईल यावर उपाय वाटतो. 2020 च्या लॉकडाऊनपासून उपासना यूट्यूबवर पाहणं सवयीचं झालं आहे. पण नाईट शिफ्ट करून आलेल्या माणसाने बसमध्ये इअरफोन लावून ऐकलेलं प्रवचन त्याच्या एकट्याचं असतं, घराचं नाही. प्रभुभोजनाची भाकर तर स्क्रीनवरून हातात येत नाही. शिवाय त्याच मोबाईलवर, त्याच गुरुवारी, सुपरवायझरचाही मेसेज येतो. ज्या आज्ञेने बैलालासुद्धा एक दिवस मोकळा ठेवला, तिच्यापुढे हा मेसेज चर्चमध्ये गैरहजर राहण्यापेक्षा मोठा प्रश्न आहे.

म्हणून एक साधा मार्ग म्हणजे गुरुवार संध्याकाळ घरच्या प्रार्थनेसाठी राखायची आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

वर्षातून एक गुरुवार मात्र आयताच जुळून येतो. येशूचं शेवटचं भोजन गुरुवारचं, आणि त्या पवित्र गुरुवारी भोसरीत सुट्टीच असते. दुसऱ्या दिवशीच्या गुड फ्रायडेसाठी कंपनीची सुट्ट्यांची यादी बघावी लागते.