दिवाडीची ‘म्हादेई’ आणि एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा

रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडीला आपण अनेकदा गेलो असू. पण पृथ्वीप्रदक्षिणा केलेली एक नौका त्याच बेटावर जन्मली, हे किती जणांना ठाऊक आहे?

शिडाच्या नौकेतून एकट्या भारतीयाने जगाला वळसा घालावा, हा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. २००६ साली नौदलातील कमांडर दिलीप दोंदे त्यासाठी पुढे सरसावले. ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली रत्नाकर दांडेकर यांनी. बांधणी चालू असता दोंदे तिचे अंग अन् अंग जाणून घेत होते. भर समुद्रात दुरुस्तीला दुसरे कोण असणार?

१९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडून त्यांनी पूर्वेची वाट धरली. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांपलीकडे पश्चिमेचे प्रबळ वारे वाहतात. तेच नौकेला पुढे रेटतात आणि डोंगराएवढ्या लाटाही तेच उठवतात. तेथे एकट्याला सलग झोप नाही. खरी कसोटी, माझ्या मते, बाहुबळापेक्षा याची अधिक. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन असे चारच मुक्काम करून मे २०१० मध्ये ते परतले.

२०१२-१३ मध्ये याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. त्या वेळी किनाऱ्यावरून त्यांची व्यवस्था पाहत होते दोंदेच.