टोळांनी न खाल्लेलं झाड

मैत्रिणींनो, धान्याच्या कोठीत कडूनिंबाचा पाला टाकायला आपल्याला कुणा शास्त्रज्ञाने शिकवलं नाही. आजी टाकायची, आई टाकायची, आपणही टाकतो. पण त्या पाल्यामागचं कारण शोधण्यात एका जर्मन माणसाने कितीतरी वर्षं घालवली.

त्यांचं नाव हाइनरिश श्मुटरर. 1959 साली हे कीटकशास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या सुदान देशात काम करत होते. तिथे टोळधाड आली. टोळ हिरवं म्हणून काही ठेवत नाहीत. पण कडूनिंबाची झाडं (ती मूळची आपल्याकडची, तिकडे नेऊन लावलेली) हिरवीगार उभी होती. टोळ त्यावर बसायचे आणि न खाताच उडून जायचे. "कडू आहे, म्हणून खात नसतील," असं म्हणून दुसरा कुणी पुढे गेला असता. यांनी मात्र तोच प्रश्न धरून ठेवला. पुढे जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठात त्यांनी कडूनिंबावर काम केलं, 1980 पासून जगभरच्या संशोधकांच्या परिषदा भरवल्या आणि 1995 साली या एका झाडावर जाडजूड ग्रंथ काढला.

आपल्याकडचे शास्त्रज्ञही मागे नव्हते बरं का. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये दाखवून दिलं, की निंबोळीचं पाणी फवारलेलं पीक टोळ खात नाहीत. 1968 मध्ये इंग्लंडमध्ये निंबोळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं गेलं, ॲझाडिरॅक्टिन.

हे द्रव्य किडीला जागच्या जागी मारत नाही. अळीचं खाणं सुटतं, तिला नीट कात टाकता येत नाही, वाढ खुंटते. म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतात आणि घरचे म्हणतात, "काही उपयोग नाही, दुकानातलं आणा." ताई, चार दिवस थांबा. पान किती खाल्लं ते बघा, अळ्या मोजत बसू नका. अळी लहान असतानाच मारा द्या. कीड फार वाढल्यावर एकट्या अर्काने भागत नाही, हेही खरं.

ॲझाडिरॅक्टिन पाल्यापेक्षा बीमध्ये जास्त असतं आणि उन्हाने ते लवकर उतरतं. म्हणून निंबोळ्या सावलीत वाळवायच्या, फवारणी संध्याकाळी करायची. बुरशी आलेली निंबोळी टाकून द्या. साठवायला गोणपाट वापरा, प्लास्टिक नको.

5 टक्के अर्कासाठी 5 किलो निंबोळीची भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. 200 ग्रॅम साबणाचा चुरा 1 लिटर पाण्यात वेगळा भिजत घाला. सकाळी भरड फडक्यातून पिळून गाळा, साबणाचं पाणी मिसळा आणि सगळं मिळून 100 लिटर करा. त्याच दिवशी संपवा. बादली लेकरांपासून लांब ठेवा, कारण कडूनिंबाचं तेल पोटात गेलं तर लहान मुलांना बाधतं.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर रासायनिक औषध फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. फवारणीचं पाणी भरून देणाऱ्या, त्याच शेतात खुरपणाऱ्या आपणच असतो. त्यामुळे पंपात काय जातं हा फक्त घरधन्याचा विषय नाही.

निंबोळ्या मे-जूनमध्ये पडायला लागतात. पावसात भिजल्या की बुरशी धरते, म्हणून कुणाच्या बांधावर किती झाडं आहेत, वेचायला कोण जाणार आणि गोणपाट कुठून आणायचे, हे गटाच्या पुढच्या बैठकीतच ठरवून टाका.