डायपरच्या आधी काय? अंथरुणावरच्या माणसाची लघवी-संडास

आजचा एपिसोड जेवताना ऐकू नका, पण ऐका नक्की. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की औषधांवर, डॉक्टरांवर तासन्‌तास बोलणं होतं. लघवी-संडासचं काय, हे कुणी विचारत नाही. मग कुणीतरी मेडिकलमधून डायपरचं पाकीट आणतं आणि विषय संपतो.

मी म्हणते, खरेदीच्या आधी एक प्रश्न विचारा: या माणसाला अजून काय काय जमतंय?

आधार दिल्यावर बसता येतंय? मग कमोड चेअर. खाटेला लागून ठेवा, चाकं असतील तर ब्रेक लावा. बसल्यावर पोट साफ व्हायला सोपं जातं. खाल्ल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून रोज नाश्त्यानंतर ठरलेल्या वेळी बसवा.

बसता येत नाही, पण लागलेलं कळतंय? मग युरिन पॉट आणि बेडपॅन. बायकांसाठी पसरट तोंडाचा युरिन पॉट वेगळा मिळतो. बेडपॅन अंगाखाली ढकलू नका, कातडी सोलवटते. गुडघे दुमडून कंबर उचलता आली तर छान. नाहीतर कुशीवर वळवा, पॅन टेकवा, पुन्हा उताणं करा. डॉक्टरांची मनाई नसेल तर पाठीकडची बाजू थोडी उचला. खुब्याचं हाड मोडलं असेल तर पातळ कडेचा चपटा बेडपॅन येतो. काम झालं की लगेच काढा.

पुरुषांसाठी बाहेरून लावायचा कंडोम कॅथेटरही असतो. आत घालायचा कॅथेटर मात्र आपल्या सोयीसाठी नाही. तो लघवी अडकल्यासारख्या कारणासाठी, डॉक्टरांनी सांगितला तरच. जितके दिवस आत, तितका इन्फेक्शनचा धोका जास्त. त्याची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली लटकवा, पण जमिनीला टेकू देऊ नका.

लागलेलं कळतच नसेल, तेव्हा डायपर. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तो विसरायचा नाही. दर दोन-तीन तासांनी बघा, संडास झाली तर ताबडतोब बदला. बायकांना पुढून मागे पुसा. कातडी कोरडी करून झिंक ऑक्साइडचं क्रीम लावा. माकडहाडाजवळची लाली दाबूनही जात नसेल, तर ती बेडसोरची सुरुवात असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या आजोबांनी अंथरुणावर असताना पाणी पिणंच कमी केलं होतं. "सारखं कुणाला उठवायचं?" म्हणायचे. असं करणारे खूप जण असतात. पाणी कमी झालं की लघवीचं इन्फेक्शन आणि बद्धकोष्ठ, दोन्ही मागे लागू शकतात. आम्ही उशाशी एक घंटी ठेवली आणि युरिन पॉट हाताला येईल असा खाटेला अडकवला. पाणी आपोआप वाढलं.

म्हणून मंडळी, वस्तू कुठलीही घ्या, आधी त्यांना विचारा: कुणी मदत केलेली चालेल? मग दार लोटा, पडदा ओढा, अंगावर चादर राहू द्या. याला पैसे लागत नाहीत.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत हा भाग फॅमिली ग्रुपवर टाका, लाजू नका!