जिप्सी, थार आणि पन्नाशीची अट

दिल्ली आणि भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी पुन्हा उभी करावी, तिच्यातून थारच्या वाळवंटात हिंडावे आणि जमल्यास तिच्यातच मुक्काम करावा, ही हौस मुख्यतः मारुती जिप्सीभोवती फिरते. सुझुकीच्या एसजे-410 या छोट्या गाडीची लांब चासीची आवृत्ती असलेली जिप्सी डिसेंबर 1985 मध्ये मारुती उद्योगाच्या गुडगाव कारखान्यातून बाजारात आली. आरंभीचे तिचे इंजिन अवघे 970 सीसीचे होते. 1996 मध्ये त्याच्या जागी 1,298 सीसीचे इंजिन आले आणि 2000 च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल मोजून फवारणारी एमपीएफआय यंत्रणा आली. तिच्याआधीच्या पिढीत, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्राने मुंबईत माझगावला जोडायला घेतलेल्या विलीज जीपचा वंश येतो आणि जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात 1969 पासून बनलेली, निसानच्या पॅट्रोल या गाडीवर बेतलेली जोंगाही येते. जोंगाचे सहा सिलिंडरचे 3,956 सीसीचे पेट्रोल इंजिन डोंगर ओढून नेईल असे असले, तरी पेट्रोलपंप दुर्मीळ असलेल्या मुलखात त्या ताकदीपेक्षा तिची तहानच अधिक लक्षात राहते.

या हौसेची दोन अंगे आहेत. गाडी होती तशी करणे हे एक आणि ती राहण्याजोगी करणे हे दुसरे; वरवर पाहता दुसरे हे पहिल्याचेच पुढचे पाऊल वाटते, पण वाळूच्या दृष्टीने आणि कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही कामे परस्परविरोधी आहेत.

पहिल्या कामाला दिल्लीसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. नवे सुटे भाग कश्मीरी गेटच्या बाजारात मिळतात, जुने मायापुरीच्या भंगार बाजारात, आणि लष्कराने निकाली काढलेल्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावांतून बाहेर पडतात. अशी गाडी घेताना रंगाकडे पाहण्यात फारसा अर्थ नसतो. जाणकार मिस्त्री आधी गाडीखाली शिरतो आणि चासी, म्हणजे शिडीसारखी जोडलेली पोलादी चौकट, हातोडीने ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आवाज आला तर आतून गंजलेला. त्यानंतर पुढचे चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवले जाते. जिप्सीला पुढेही मागेही अखंड ॲक्सल आणि पाटे असतात, आणि पुढचे चाक ज्या खुंट्यांवर वळते त्या किंगपिनची बेअरिंगे झिजली की ठरावीक वेगाला सगळे स्टीअरिंग थडथडू लागते. तिसरी तपासणी ट्रान्सफर केसची, म्हणजे इंजिनाची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीची. जिप्सीत ही पेटी गिअरबॉक्सपासून वेगळी, एका आखूड शाफ्टने जोडलेली आणि रबरी आधारांवर टांगलेली असते. ते रबर कडक होऊन फाटले की गाडी हुंकारू लागते, आणि अनेक मालक विनाकारण गिअरबॉक्स खोलून बसतात. ही सगळी दुरुस्ती साध्या पान्यांनी होते, हेच जिप्सीच्या दीर्घायुष्याचे खरे कारण म्हणावे लागेल.

वाळवंटाचे यंत्रशास्त्र मात्र गॅरेजमध्ये शिकता येत नाही. त्याचा पाया ब्रिटिश सैनिकी अभियंता राल्फ बॅग्नोल्ड याने 1920 आणि 1930 च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात घातला, आणि तोही साध्या टू-व्हील-ड्राइव्ह फोर्ड गाड्यांनिशी. रुतलेल्या चाकाखाली पोलादी पन्हळी सरकवणे, रेडिएटरमधून वाफ होऊन जाणारे पाणी डब्यात थंड करून परत वापरणे, टायरमधली हवा कमी करणे या त्याच्या टोळीच्या युक्त्या पुढे 1940 मध्ये त्याने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या लष्करी तुकडीने युद्धात वापरल्या. हवा कमी केली की टायर पसरतो, त्याचा वाळूला टेकणारा भाग लांबतो आणि तेच वजन अधिक क्षेत्रावर वाटले जाऊन चाक खोल जात नाही. डांबरी रस्त्यावरच्या दाबाच्या निम्म्याजवळ येणे सामान्यतः पुरते, त्याहून फार खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून उतरण्याची भीती असते. जिप्सीची खरी मिरास इथे उपयोगी पडते: सुमारे 1,000 किलो वजन. तिच्याहून दुप्पट ताकदीची गाडी जिथे रुतते तिथून ती निघून जाते, कारण तिला वाळू दाबायला फारसे वजनच नसते.

घर करायला घेतले की नेमके हेच वजन वाढते. पाण्याचे 100 लिटर म्हणजे 100 किलो, आणि इंधनाची टाकी 40 लिटरचीच असल्याने जैसलमेरच्या पलीकडे जाताना जेरीकॅन आलेच. त्यांत बॅटरी, शेगडी आणि टपावरचा तंबू यांची भर पडली की पाटे बसतात, गुरुत्वमध्य वर सरकतो आणि टेकडीच्या कडेला आडवी झालेली अरुंद गाडी सहज कलंडू शकते. मागच्या भागात उंच माणसाला पाय पसरून झोपता येत नाही, हे तर मोजपट्टीच सांगते. जमिनीवर तंबू आणि गाडीत फक्त सामान, हा सैनिकी शिरस्ता आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कायमची पलंग-मोरी हवी असणाऱ्याने जिप्सीचा नाद सोडून मोठ्या व्हॅनकडे वळावे.

कायदाही त्याच बाजूला झुकतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद काटेकोरपणे लावली. राहण्याच्या गाडीसाठी, म्हणजे मोटर कॅराव्हॅनसाठी, एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे, परंतु ते प्रमाणपत्र घेऊन गाड्या बांधणाऱ्यांसाठी आहे. गल्लीतल्या गॅरेजमध्ये फळ्या ठोकून ते मिळत नाही.

राजधानी क्षेत्रात यावर वयाचे गणित चढते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरचा निर्बंध 29 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. ऑगस्ट 2025 मध्ये अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा आदेश झाला, पण डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-4 आणि पुढच्या उत्सर्जन मानकांच्या गाड्यांपुरते उरले. त्यामुळे कार्ब्युरेटरची प्रत्येक जिप्सी बाहेर पडली, आणि दिल्लीच्या हिवाळी हवेकडे पाहता ते अन्यायाचे आहे असे म्हणणे कठीण आहे. दुसरे दार 2021 च्या व्हिंटेज नियमांचे: पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेली गाडी 20,000 रुपये शुल्क भरून 10 वर्षांसाठी नोंदवता येते, मात्र चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि रस्त्यावर ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन किंवा देखभाल एवढ्यांसाठीच यावी. थारची भटकंती त्यात बसत नाही. म्हणून जाणते मालक ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन गाडीची नोंदणी राजधानी क्षेत्राबाहेर हलवतात. राजस्थानातच न्यायची तर अलवर आणि भरतपूर उपयोगाचे नाहीत, कारण तेही याच क्षेत्रात मोडतात, पण जोधपूर किंवा जैसलमेर चालते. गाडी मग तिथेच ठेवायची आणि दिल्लीहून रेल्वेने तिच्यापर्यंत जायचे. गुडगावात जन्मलेल्या पहिल्या जिप्सीला मूळ रूपात राहिल्यास व्हिंटेजची पाटी 2035 च्या अखेरीस मिळू शकेल.