सत्तावीस गावांची अट
लेखमाला ‘पडद्याआडचा कोड’ : लेखांक ९

गणपतीच्या आदल्या आठवड्यात ऑफिसात एक फोन आला. “अहो, माझे वडील जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या नावानं वर्गणीचा एसएमएस कशाला पाठवता?” आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत होतो आणि तो एसएमएस पाठवणारं सॉफ्टवेअर माझ्याच हातचं होतं. त्या गृहस्थांची नोंद आम्ही रीतसर बंद केली होती. सभासदांच्या यादीत ते नव्हते, पावत्यांच्या रिपोर्टात नव्हते, मतदारयादीतही नव्हते. फक्त एसएमएसच्या क्वेरीत ‘नोंद बंद झालेली नसावी’ ही अट घालायची राहून गेली होती. शोधायला बसलो तर तीच अट एकोणीस ठिकाणी लिहिलेली सापडली. विसाव्या ठिकाणी नव्हती.

मागच्या दोन लेखांकांत आपण क्लास आणि ऑब्जेक्ट पाहिले. आज त्यांचा उपयोग एका किरकोळ वाटणाऱ्या कामासाठी करायचा आहे: डेटाबेसला विचारायचे प्रश्न पुन:पुन्हा न लिहिता वापरायचे कसे?

उदाहरण घरचंच घेऊ, मालमत्ता कराचं. या शतकाच्या सुरुवातीला नागरी कारभार संगणकावर आणण्यात कल्याण-डोंबिवली महापालिका राज्यात आघाडीवर होती. तिथं उभं राहिलेलं प्रारूप राज्यातल्या इतर महापालिका-नगरपालिकांतही न्यायचं, असं पुढं राज्य शासनानं ठरवलं. एका गावात केलेलं काम दुसऱ्या गावात पुन्हा वापरणं, हा आजचाच विषय, फक्त फार मोठ्या मापाचा. आपण मात्र आपलं खेळण्यातलं सॉफ्टवेअर बांधू. टेबलं तीनच: मालमत्ता, बिलं, भरणा.

पहिल्या दिवशी मागणी येते, थकबाकीदारांची यादी द्या. तुम्ही क्वेरी लिहिता: मालमत्ता पालिकेच्या हद्दीत असावी, नोंद चालू असावी, भरणा बिलापेक्षा कमी असावा. दुसऱ्या दिवशी नोटिसा छापायच्या असतात. क्वेरी तीच, शेवटी पत्ता जोडलेला. तिसऱ्या दिवशी अभय योजना येते, व्याजात सूट कुणाला द्यायची ते काढायचं असतं. पुन्हा तीच क्वेरी. मग प्रभागवार तक्ता, साहेबांसाठी आलेख, मोबाइल ॲप. प्रत्येक वेळी कॉपी, पेस्ट आणि थोडी डागडुजी. यात आळस नाही. घाईत असलेला कुठलाही शहाणा माणूस हेच करतो, आणि महिनाभर काही बिघडतही नाही.

बिघडतं ते नियम बदलला की. ‘पालिकेच्या हद्दीत’ हे दोनच शब्द बघा. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये झाली तेव्हा आसपासची २७ गावं तिच्यात होती. २००२ मध्ये ती वगळली गेली. १ जून २०१५ पासून पुन्हा आत आली. २०२० च्या जूनमध्ये त्यांतली १८ बाहेर काढण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. काटई, भोपर, पिसवली, हेदुटणे ही नावं डोंबिवलीकराला नाक्यावरच्या चर्चेतून पाठ आहेत. प्रोग्रॅमरला ती वेगळ्या कारणानं पाठ होतील. गावांची ही यादी त्यानं तीस क्वेऱ्यांत लिहिली असेल, तर प्रत्येक फेरबदलाला तीस जागा शोधायच्या. त्यांतली एक सुटली की नोटिशीत गाव आत आणि आलेखात तेच गाव बाहेर.

अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ मध्ये ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात पुनरुक्ती टाळण्याचं तत्त्व मांडलं. ‘ड्राय’ या नावानं ते आज प्रत्येक मुलाखतीत विचारलं जातं आणि बहुतेक उमेदवार अर्धंच उत्तर देतात: एकच कोड दोनदा लिहू नये. लेखकांचं म्हणणं कोडच्या ओळींपुरतं नव्हतं, माहितीबद्दल होतं. ‘हद्दीत कोण’ हे ज्ञान एका जागी असावं. ओळी सारख्या दिसतात की नाही, हा नंतरचा मुद्दा.

मग पहिला उपाय सुचतो तो असा: ‘मालमत्ता’ नावाच्या क्लासमध्ये एक मेथड करायची, थकबाकीदार(). ती आत क्वेरी चालवते आणि तयार यादी हातात देते. कामाला बरा वाटतो, पण पहिल्याच आठवड्यात अडकतो. कुणाला फक्त ‘ह’ प्रभागातले, म्हणजे डोंबिवली पश्चिमेचे थकबाकीदार हवे असतात. यादी तर साऱ्या शहराची आलेली. आता एवढ्या नोंदी डेटाबेसातून ओढून आणायच्या आणि प्रोग्रॅममध्ये चाळायच्या. नुसती संख्या हवी असेल तरी आधी सगळ्या आणायच्या, मग मोजायच्या. ते नको म्हणून थकबाकीदार_ह_प्रभाग(), थकबाकीदार_संख्या(), थकबाकीदार_ह_प्रभाग_संख्या() अशी पिल्लं निघतात. पुनरुक्ती गेली नाही, मेथडच्या नावांत जाऊन बसली.

डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र नाही अशी गल्ली सापडणं कठीण, तेव्हा तिथलंच उदाहरण घेतो. भाजलेली पोळी आणली की तिचं पुढं काय होईल? फोडणीची पोळी, कुस्करा, फार तर गूळ-तूप घालून लाडू. पराठा नाही होणार. घरात मळलेली कणीक असेल तर पोळी, पुरी, पराठा, वरणफळं, वेळेवर ठरवता येतं. यादी परत देणारी मेथड भाजलेली पोळी देते. आपल्याला कणीक हवी आहे.

कणीक म्हणजे अजून न चालवलेली क्वेरी. मेथडनं यादी परत द्यायची नाही. अटी ज्यात साठल्या आहेत असं एक ऑब्जेक्ट परत द्यायचं. त्यावर आणखी अट घातली की तसंच नवं ऑब्जेक्ट मिळतं. डेटाबेसकडे अजून कुणी गेलेलंच नाही. शेवटी कुणी ‘यादी द्या’ किंवा ‘मोजा’ म्हटलं की साठलेल्या अटींची एकच क्वेरी बनते आणि एकदाच जाते. लिहायला ते असं दिसतं:

मालमत्ता.हद्दीतली().चालू().थकीत().प्रभाग(“ह”).मोजा()

वाचून पाहा, जवळजवळ मराठी वाक्य आहे. (पायथॉन ३ मध्ये मेथडना देवनागरी नावं खरंच देता येतात. ऑफिसात देऊन पाहिलीत तर सहकारी काय म्हणतील ती जबाबदारी माझी नाही.) हद्दीतली() ही मेथड एका जागी, चालू() एका जागी. नोटीस, अभय योजना, आलेख आपापल्या गरजेपुरते तुकडे जोडून घेतात. रेल्स आणि लारावेलमध्ये अशा तुकड्याला ‘स्कोप’ म्हणतात, जँगोत हे काम ‘क्वेरीसेट’ करतो, डॉटनेटमध्ये २००७ पासून ‘लिंक’ आहे. नावं निराळी, कणीक तीच. मार्टिन फाउलर यांनी २००२ च्या पुस्तकात ‘क्वेरी ऑब्जेक्ट’ आणि ‘रिपॉझिटरी’ या नावांनी या घडणीची नोंद केली, तेव्हा ती मोठ्या प्रकल्पांत आधीपासूनच वापरात होती.

यावर हमखास येणारी शंका: एवढं ऑब्जेक्टचं अवडंबर कशाला? अटींचा मजकूर एका स्ट्रिंगमध्ये ठेवू आणि हवा तिथं चिकटवू. मी दोन वर्षं तसंच करत होतो. एक तुकडा घ्या: ‘प्रभाग ह किंवा प्रभाग ग’. दुसरा: ‘थकबाकी शून्यापेक्षा जास्त’. मधे ‘आणि’ घालून चिकटवा. वाक्य होतं: प्रभाग ह किंवा प्रभाग ग आणि थकबाकी जास्त. तुम्हाला आणि मला अर्थ कळतो. एसक्यूएलला वेगळा कळतो, कारण तिथं ‘आणि’ची पकड ‘किंवा’पेक्षा घट्ट असते. थकबाकीची अट फक्त ‘ग’ला लागते आणि ‘ह’ प्रभाग सरसकट आत येतो. म्हणजे डोंबिवली पश्चिमेत ज्यानं एप्रिलमध्येच रांगेत उभं राहून कर भरला, त्याच्याही दारात जप्तीची नोटीस. दोन्ही तुकडे आपापल्या जागी बरोबर होते. चूक सांध्यात होती, आणि सांध्यातली चूक तुकडे तपासून दिसत नाही. ऑब्जेक्ट प्रत्येक अटीभोवती कंस स्वतः घालतं. शिवाय वापरणाऱ्यानं टाइप केलेला मजकूर असा सरळ क्वेरीत चिकटवला, तर कुणीतरी नावाच्या चौकटीत क्वेरीच लिहून पाठवतो. त्या चोरवाटेबद्दल लेखांक ४ मध्ये आलेलं आहे.

आता वारसा, इन्हेरिटन्स. क्लास नुकतेच शिकलेल्या माणसाला ही फार मोहाची जागा. मालमत्ता कर थकतो, पाणीपट्टी थकते, दुकानाचा परवानाही थकतो. मग एक ‘खातं’ नावाचा बाप करू, त्यात थकीत() ठेवू, तिन्ही मुलं ती आपोआप घेतील. तीन महिन्यांनी कुणी सांगतं, पाण्याच्या थकबाकीत बंद मीटरच्या जोडण्या धरू नका. बापाच्या अंगात एक ‘जर’ येतो: जर पाणीपट्टी असेल तर. मग परवान्यासाठी दुसरा ‘जर’. वर्षभरात बाप मुलांच्या भानगडींनी भरून जातो आणि मालमत्तेचा नियम बदलताना पाण्याची बिलं चुकायला लागतात.

तिन्ही ठिकाणी शब्द एकच होता, ‘थकीत’. ज्ञान एक नव्हतं. एक नियम बदलला की दुसरा बदलायलाच हवा, असं असेल तरच त्यांना एका जागी आणावं. नाहीतर दोनदा लिहिलेलं परवडतं. सँडी मेट्झ या अनुभवी प्रोग्रॅमर बाईंचं मतही असंच आहे: चुकीच्या सामाईकपणापेक्षा पुनरुक्ती स्वस्त पडते. मला हे वाचून कळलं नाही, असा एक बाप मोडताना गेलेल्या रविवारांनी कळलं.

खरोखर सामाईक काय, हे ओळखायला माझ्या डोळ्यांसमोर कल्याण जंक्शन असतं. ठाण्यापर्यंत आलेला रूळ १ मे १८५४ ला कल्याणला पोचला. पुढं एक फाटा कसाऱ्याला, दुसरा कर्जतला. कल्याणपर्यंतचा मार्ग सगळ्यांचा, आणि तिथं एक पॉइंट अडकला तर दोन्हीकडची माणसं फलाटावर. म्हणून सामाईक तुकडा छोटा ठेवावा आणि त्याची चाचणी सगळ्यात कडक घ्यावी. बदलापूरचा थांबा कसाऱ्याच्या गाडीवर लादू नये.

त्या एसएमएसकडे परत येतो. विसावी जागा दुरुस्त केल्यावर आम्ही जास्तच शहाणे झालो. ‘बंद नसलेले’ ही अट प्रत्येक क्वेरीला आपोआप लागेल अशी सोय केली. बहुतेक फ्रेमवर्कांत ती असते, कुणी ‘डिफॉल्ट स्कोप’ म्हणतं, कुणी ‘ग्लोबल फिल्टर’. आता विसरायचा प्रश्नच नाही, म्हणून चहा झाला. मार्चअखेर हिशेबतपासनीस आले. त्यांनी वर्षभरात सोडून गेलेल्या सभासदांची यादी आणि त्यांना परत केलेल्या ठेवी मागितल्या. यादी कोरी. क्वेरीत काहीच चूक दिसेना, कारण चूक क्वेरीत लिहिलेलीच नव्हती. न दिसणाऱ्या अटीनं सगळे बंद सभासद आधीच गाळले होते. दीड दिवस गेला. तेव्हापासून मी अट लपवत नाही. .चालू() हे सहा-सात अक्षरांचं काम आहे, ते प्रत्येक जागी डोळ्यांना दिसलेलं बरं. विसरण्याची भीती असेल तर एसएमएस पाठवणाऱ्या मेथडला थेट टेबलाकडे जाऊच देऊ नये, तिला चालू सभासदांचं ऑब्जेक्टच बाहेरून द्यावं.

आणि हद्दीतली()? तिच्या पोटात २७ नावांची यादी लिहून ठेवली तर एक जागा झाली खरी, पण प्रत्येक अधिसूचनेला प्रोग्रॅमर हवाच. ती यादी कोडमध्ये असायचं कारण नाही. ‘हद्द’ नावाचं टेबल करावं: गाव, कधीपासून, कधीपर्यंत. मग मेथडला एक तारीखही द्यावी लागते, हद्दीतली(तारीख). कारण ‘हे गाव पालिकेत आहे का?’ हा प्रश्न तारखेशिवाय अर्धाच आहे. २००५ च्या थकबाकीला आजची हद्द लावली तर तेव्हा पालिकेत नसलेल्या गावावर पालिकेचा कर निघेल. ठाणे जिल्ह्याची कुठलीही जुनी आकडेवारी काढणाऱ्याला हा धडा १ ऑगस्ट २०१४ नं दिला आहे. त्या दिवशी पालघर वेगळा झाला आणि ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे सात तालुके उरले. आदल्या वर्षाशी तुलना करणाऱ्या प्रत्येक आलेखात जिल्हा अचानक रोडावलेला दिसतो.

तारीख आली तरी एक गाठ राहते. २०२० च्या जूनमध्ये तुम्ही टेबलात १८ गावांपुढं ‘कधीपर्यंत’ भरलंत. डिसेंबरात अधिसूचनाच रद्द झाली. आता ती तारीख खोडायची का? खोडलीत तर टेबल म्हणेल की गावं कधी बाहेर गेलीच नव्हती, आणि ऑगस्टमध्ये काढलेली यादी तशी का निघाली होती हे कुणालाच सांगता येणार नाही. ठेवलीत तर आजची थकबाकी चुकेल. म्हणून अशा टेबलात तारखांच्या दोन जोड्या ठेवतात: एक, गोष्ट खरी कधी होती, दुसरी, आपल्या वहीत ती कधी लिहिली गेली आणि कधी खोडली गेली. हद्दीतली() ला मग दोन तारखा द्याव्या लागतात. त्या दोन तारखांची टेबलं पुढच्या आठवड्यात बांधू. तोवर तुमच्या हातातल्या प्रोग्रॅममध्ये ‘बंद नसलेले’ किती ठिकाणी लिहिलंय, ते मोजून ठेवा.