दादरचा 'एक नंबर' आता एकच

'दादरला एक नंबरवर भेटू' असे ठरवूनही दोघांनी वेगवेगळ्या फलाटांवर एकमेकांची वाट पाहत उभे राहावे, हा प्रकार मुंबईकरांना नवा नव्हता. दोष धांदरटपणाचा कमी, क्रमांकांचाच अधिक होता. पश्चिम आणि मध्य रेल्वे येथे शेजारी असल्या, तरी बी. बी. अँड सी. आय. आणि जी. आय. पी. या जुन्या कंपन्यांच्या या वारसदार आपापले फलाट एकपासून मोजत. साहजिकच 'एक नंबर' दोन! बाहेरगावी निघालेल्या नवख्या प्रवाशाची सामानासह पुलावरून धावपळ होई. प्रसंगी गाडीही चुके.

अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून क्रमांक सलग झाले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ कायम राहिले. मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले. एक नंबरच्या रुंदीकरणासाठी मध्य रेल्वेचा जुना दोन नंबर आधीच बंद झाला होता. त्यामुळे तेथील एकचा आठ आणि तीनचा नऊ झाला.

फलक बदलले, तरी जिभेची सवय लवकर जात नाही. म्हणून भेट ठरवताना क्रमांकासोबत 'मध्य' की 'पश्चिम' हेही सांगितलेले बरे.