चिखलातलं हळदीकुंकू

संक्रांतीच्या सुट्टीत ऑफिसच्या ग्रुपवर सगळे गोव्याचे फोटो टाकत होते. मी टाकला एका डबक्याचा! आणि मग त्याच डबक्यावरून तीन दिवस मामाशी भांडत बसले.

'परभणीची आहेस? मग तिथे बघण्यासारखं काय आहे गं?' पुण्यात नोकरी करणाऱ्या प्रत्येक परभणीकराला हा प्रश्न वर्षातून चार वेळा तरी ऐकावा लागतो. पाचव्यांदा कुणीतरी 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ऐकवतो आणि स्वतःच हसतो. इतकी वर्षं माझ्याकडेही त्यावर धड उत्तर नव्हतं. आता आहे. ते उत्तर काळं आहे, ओलं आहे आणि त्यात पाय टाकला तर चप्पल बाहेर येत नाही.

झालं असं, की यंदा संक्रांतीला रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून घर गाठलं आणि दुसऱ्याच दिवशी मामाच्या गावी गेले. गाव जिंतूर तालुक्यातलं. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण तिथून जवळच. प्लॅन एकदम सिंपल होता. हुरडा खायचा, फोन बंद ठेवायचा आणि डेडलाइन हा शब्द उच्चारायचा नाही. पण माझ्या मामेभावाने पहाटेच उठवलं. 'ताई, चल, तुला गंमत दाखवतो.' मित्राकडून उसनी आणलेली दुर्बीण त्याने माझ्या गळ्यात अडकवली आणि बाइकवरून आम्ही गावच्या पाझर तलावावर पोहोचलो.

या तलावात मी लहानपणी म्हशी डुंबताना पाहिल्यात. पण त्याच्या वरच्या अंगाला, जिथे ओढा येऊन मिळतो, त्या उथळ कोपऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. तिथे नुसता गाळ, लव्हाळे आणि पाणकणसाचं रान. मामेभाऊ म्हणाला, 'गप बस दहा मिनिटं.' बसले. आणि बॉस, पुढचे दोन तास मी हललेच नाही!

एक बिल्डिंग, सहा मजले

सगळ्यात आधी दिसला शेकाट्या. लांबलचक गुलाबी पायांवर एखाद्या मॉडेलसारखा चालणारा. त्याला वीतभर पाणी लागतं, त्याहून खोल गेलं की त्याचं जेवण बंद. जरा पलीकडे थापट्या बदकं. यांची चोच चमच्यासारखी पसरट, ती पाण्यावरून फिरवत बारीकसारीक खाणं गाळून घेतात. ही मंडळी थेट उत्तरेकडच्या थंड देशांतून इथे हिवाळा काढायला येतात. मधल्या खोल पाण्यात काळेभोर वारकरी. हो, पक्ष्याचंच नाव आहे हे. कपाळावर पांढरा टिळा, आणि गर्दी मात्र आषाढीला नाही तर थंडीत. लव्हाळ्याच्या कडेला दबा धरून बसलेली ढोकरी, पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली आणि चिखलावर शेपटी हलवत फिरणारा धोबी.

मामेभावाने समजावलं ते मला फार आवडलं. प्रत्येकाची खोली ठरलेली. कुणाला ओला चिखल, कुणाला वीतभर पाणी, कुणाला हातभर, कुणाला पुरुषभर. म्हणजे एका बिल्डिंगचे मजलेच की! पाण्याची कड जितकी हळूहळू उतरती, तितके मजले जास्त आणि तितके भाडेकरू जास्त.

आणि मग ती जोडी दिसली. मोठी, करड्या-तपकिरी अंगाची बदकं. काळ्या चोचीचं टोक हळदीत बुडवल्यासारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. नाव काय? हळदीकुंकू बदक! संक्रांतीच्या दिवसांत याहून चांगला योग कोणता? हे आपल्याकडचंच, बारमाही राहणारं बदक. पावसाळ्यात इथे कमळपक्षीही दिसतात, असं मामेभाऊ म्हणाला. लांब बोटांच्या जोरावर ते पानांवरून चालतात. आणि मैत्रिणींनो, ऐका : कमळपक्ष्यांमध्ये मादी अंडी घालून मोकळी होते. अंडी उबवायची आणि पिल्लं सांभाळायची ड्यूटी नराची.

'त्यो गाळ माझ्या रानात जायचाय'

घरी येऊन मी उत्साहाने सगळं सांगत होते, तेवढ्यात मामा म्हणाले, 'काय बघायलीस गं त्या चिखलात एवढं? उन्हाळ्यात जेसीबी लावायलोत. समदा गाळ काढायचाय.'

माझा चेहरा पडला. मी पक्षी, निसर्ग, पर्यावरण वगैरे सुरू केलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'माझं माळाचं रान बघितलंस का? नुसता मुरूम हाय. त्यो गाळ पडला की कापूस बघ कसा येतो. पक्ष्याला पोट हाय, तसं आम्हालाबी हाय की.'

यावर काय बोलणार? २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या मराठवाड्यात कुणी तलाव खोल करू म्हणत असेल, तर त्याला व्हिलन कसं ठरवायचं? सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ मध्ये आली ती याच हिशोबाने. तलावात पाणी वाढावं आणि शेतात माती.

वाद मिटवला तो आजीने, आणि तोही वेगळ्याच बाजूने. 'भांडू नका. त्यो तलाव म्या खांदलाय,' ती म्हणाली. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव जी कामं निघाली, त्यातलाच हा पाझर तलाव. वीस-बावीस वर्षांची आजी तिथे डोक्यावर माती वाहत होती. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. म्हणजे मी ज्याला 'निसर्ग' म्हणत होते, ते मुळात दुष्काळाचं काम होतं. पाणी अडलं, ओढ्याने पन्नास वर्षं गाळ आणला, गाळात लव्हाळे आले आणि लव्हाळ्यात पक्षी.

कागदावर नसलेली दलदल

पुण्यात परतल्यावर वाचत गेले, तर गंमतच. २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावात पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात माणसाने बनवलेल्या जागाही धरल्या आहेत. महाराष्ट्राची पहिली रामसर जागा २०२० मध्ये जाहीर झाली : नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. तेही मूळचं अभयारण्य नव्हेच. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बांधलेला ब्रिटिशकालीन बंधारा, त्यामागे साचलेला गाळ आणि त्यावर जमलेले पक्षी. अगदी आजीच्या तलावाची मोठी बहीण! पण आपल्या देशाचे २०१७ चे पाणथळ नियम सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या जागांना वगळतात. म्हणजे मामाच्या गावचा कोपरा कागदावर दलदल नाहीच. त्याला वाचवायला कुणी साहेब येणार नाही. काय ते गावानेच ठरवायचं.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ विकेन फेन नावाची दलदल आहे. १८९९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने तिथली पहिली दोन एकर जागा १० पौंडांना घेतली. आज तिथे नऊ हजारांहून जास्त प्रकारचे जीव नोंदले गेलेत. पण तीही जागा माणसांनी हात न लावता टिकलेली नाही. छपरांसाठी लोक शतकानुशतके तिथलं लव्हाळं कापत आले. कापलं नाही तर झुडपं माजतात आणि दलदल सुकते. म्हणजे मुद्दा हात लावायचा की नाही, हा नाहीच. किती लावायचा आणि कुठे, हा आहे.

मामांना फोन केला. म्हटलं, गाळ काढा, पण बांधाकडून सुरुवात करा. पाणी तिकडेच खोल हवंय ना? ओढ्याच्या तोंडाचा कोपरा तेवढा सोडा. तिथलं पाणकणीस ओढ्याचा वेग कमी करतं, माती तिथेच बसते. ते उपटलं तर गाळ सरळ तुमच्या नव्या खड्ड्यात येईल. आणि कडा उभ्या कापू नका, उतरत्या ठेवा. म्हशींनाही बरं पडेल.

म्हशींचा मुद्दा लागू पडला बहुतेक! 'गावाचा तलाव हाय, माझ्या एकट्याचा नाही,' मामा म्हणाले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मामेभाऊ उभा राहिला. बराच वेळ हशा झाला. शेवटी ठरलं, 'तो कोपरा सध्या राहू द्या.' सध्या, हं. पुढच्या वर्षीचं कुणी बोललं नाही.

मार्चअखेर मामांचा फोन आला. आपणहून.

'तुझे पाव्हणे गेले गं समदे. हळदीकुंकू तेवढं हाय अजून. काल मोजले, चार हायेत.'

मामा मोजायला लागलेत. सध्या मला एवढं पुरे आहे.

तुम्हालाही जायचंय?

* केव्हा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत.
* कसं : परभणीपर्यंत रेल्वे किंवा ट्रॅव्हल्स, पुढे जिंतूर आणि तिथून येलदरी. धरणाच्या भिंतीजवळ फोटो काढण्याआधी परवानगी विचारा.
* एवढं लांब जमत नसेल तर : नांदूर मध्यमेश्वर, तालुका निफाड. वन विभागाचे मनोरे आहेत, आरामात बसून बघता येतं.
* काय न्याल : दुर्बीण, मळक्या रंगाचे कपडे, जुनी चप्पल. स्पीकर घरीच ठेवा.
* आणि गावी जाणार असाल तर : आपल्या तलावाचा उथळ कोपरा एकदा बघून या. दहा मिनिटं, गप बसून.